दोन रकान्यांत न मावणारे सूक्ष्मजीव

सूक्ष्मजीवांचा पाठ आला की फळ्यावर दोन रकाने आखले जातात : उपयुक्त आणि अपायकारक. दही लावणारे जिवाणू पहिल्यात, क्षयाचे दुसऱ्यात. मांडणी सोपी आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. तिच्यामुळे रोगाचे सारे कारण जंतूच्या नावातच असते असा जो समज पक्का होतो, त्याबद्दल आहे. या समजाची किंमत आपण २०२१ साली मोजली.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. जुलैमध्ये सरकारनेच दिलेल्या आकडेवारीनुसार देशात ४५,००० हून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू झाले होते. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत रुग्ण सर्वाधिक होते. वृत्तपत्रांनी या रोगाला ‘काळी बुरशी’ म्हटले. पाठोपाठ ‘पांढरी’ आणि ‘पिवळी’ही आली.

हे नाव दोन प्रकारे चुकीचे आहे. पहिले म्हणजे ही बुरशी काळी नसते. तिचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात, रक्त गोठते, पुढच्या ऊतींचा पुरवठा तुटतो आणि त्या मरून काळ्या पडतात. काळा रंग मेलेल्या ऊतींचा आहे, आणि तो दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणे, सूज वा बधिरता, दात हलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे आधीची. काळ्या डागाची वाट पाहायला लावणारे नाव रुग्णाचा वेळ खाते.

दुसरे, नावाने भलत्याच वस्तू संशयित ठरल्या. कांद्यावरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरची काजळी म्हणजेच हा रोग, असे संदेश घरोघर पोचले. कांद्यावरची ती बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर या वेगळ्याच जातीची असते. म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरश्यांचे बीजाणू तर माती, पालापाचोळा आणि हवा यांत सर्वत्र असतात. ते आपण रोज श्वासातून घेतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. मग २०२१ मध्ये बदलले काय? बदलला तो रुग्ण. आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली, कधी गरजेपेक्षा अधिक दिलेली, स्टेरॉइड औषधे यांनी पांढऱ्या पेशींचे बळ घटवले. अशी संधी साधणाऱ्या रोगांना ‘संधिसाधू संसर्ग’ म्हणतात.

निदानाची खरी अडचण येथूनच सुरू होते. बीजाणू सर्वत्र असल्यामुळे काचेच्या बशीत बुरशी वाढली एवढ्यावरून रोग सिद्ध होत नाही. ती हवेतूनही पडलेली असू शकते. उलट काहीच वाढले नाही म्हणून रोग नाही असेही म्हणता येत नाही. या बुरशीच्या तंतूंत आडपडदे फार थोडे असतात. नमुना खलात घोटला तर तंतू फुटतात, आतला जीवद्रव सांडतो आणि बुरशी मरते. म्हणून ऊतीचे बारीक तुकडे करावेत, घोटू नये.

सर्वांत लवकर उत्तर देतो तो साधा सूक्ष्मदर्शक. ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून पाहिला असता रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फांद्या फुटलेले तंतू दिसले तर म्युकरमायकोसिसचा संशय बळावतो. अरुंद, आडपडदे असलेले, लघुकोनात फुटणारे तंतू अ‍ॅस्परजिलसकडे बोट दाखवतात. हा फरक पुस्तकी नाही. अ‍ॅस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरमायकोसिसवर चालत नाही. तेथे अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि शस्त्रक्रिया लागते. अ‍ॅस्परजिलससाठी वापरल्या जाणाऱ्या रक्ताच्या नेहमीच्या चाचण्याही या रोगात काही दाखवत नाहीत. म्हणजे चाचणी नकारार्थी आली म्हणून निश्चिंत राहिलेला डॉक्टर फसू शकतो.

जिवाणूंचीही गोष्ट निराळी नाही. लाल रंग तयार करणारा सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू एके काळी निरुपद्रवी मानला जाई. या विश्वासावर अमेरिकी नौदलाने सप्टेंबर १९५० मध्ये चाचणी म्हणून तो सॅन फ्रान्सिस्को शहरावर फवारला. त्याच सुमारास तेथील एका रुग्णालयात ११ रुग्णांना त्याचा संसर्ग आढळला आणि एक दगावला. हे जिवाणू त्या फवाऱ्यातलेच होते हे सिद्ध झाले नाही. परंतु मूत्रमार्गात नळी घातलेल्या रुग्णाला ‘निरुपद्रवी’ हा शिक्का वाचवत नाही, हे मात्र त्यानंतरच्या अनुभवाने स्पष्ट झाले. आज हा जिवाणू रुग्णालयांतील संसर्गाचे एक परिचित कारण आहे.

रकाने पुसून टाका असे आम्ही सुचवत नाही. लहान मुलांना कोठून तरी सुरुवात हवीच. पण रकाना भरल्यावर प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत : हा जीव सापडला कोठे? कोणाच्या शरीरात? आणि तो नुसता तेथे पडलेला आहे की ऊतीत शिरला आहे? पावावरच्या बुरशीचा प्रयोग तर प्रत्येक शाळेत होतो. त्याच वेळी सांगता येईल की पावावर नेहमी दिसणारी ऱ्हायझोपस स्टोलोनिफर शरीराच्या तापमानात नीट वाढत नाही. तिचीच बहीण ऱ्हायझोपस अ‍ॅरायझस मात्र वाढते, आणि भारतात या रोगात तीच सर्वाधिक सापडते. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी मधुमेही आजी असेल, मूत्रपिंड बदललेले काका असतील. रंगाची भीती बाळगण्यापेक्षा साखर तपासणे आणि चेहऱ्याच्या एका बाजूचे दुखणे अंगावर न काढणे हे त्या मुलाने घरी जाऊन सांगितले, तर पाठ सार्थकी लागला असे आम्ही समजू.