खिद्रापूरचा नंदी कुठे आहे?

फिलाडेल्फियाच्या आसपास राहत असाल तर तिथल्या आर्ट म्युझियममधला दगडी मंडप एकदा बघून या. मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराचा, १६व्या शतकातला. १९१२ साली अ‍ॅडलिन पेपर गिब्सन या अमेरिकन बाईंनी मदुराईत त्याचे साठाहून जास्त तुकडे विकत घेतले. त्या १९१९ साली वारल्या आणि घरच्यांनी ते म्युझियमला दिले. दालन देखणं आहे, वाद नाही. पण तिथे घंटा नाही, तेलाचा वास नाही, ‘चप्पल बाहेर काढा’ म्हणून ओरडणारं कोणी नाही. आपण वर बघतो, फोटो काढतो, पुढच्या दालनात जातो. म्युझियमचा तो नाइलाज आहे.

आपला काय नाइलाज आहे? गावातलं चालतं देऊळसुद्धा आपण असंच बघतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराचं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल: ४८ खांबांचा स्वर्गमंडप, छताला गोल मोकळी जागा, त्यातून दिसणारं आभाळ, मागे बासरी, आणि खाली हमखास ‘दुर्लक्षित प्राचीन मंदिर’. दुर्लक्षित कोणाकडून? शिरोळ तालुक्यातल्या माणसाला विचारा, तो हसेल. महाशिवरात्रीला तिथे रांग असते.

रीलमध्ये जे नसतं तेच खरं तर सांगण्यासारखं आहे. शिलाहारांच्या काळातल्या, १२व्या शतकातल्या या शिवमंदिरात नंदीच नाही. शिवापुढे नंदी नाही, हे कधी बघितलंय? गावात याचं उत्तर तयार असतं. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी तिकडेच, येडूरला. सती गेली आणि शिव कोपला, म्हणून हा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघं शेजारी शेजारी आहेत.

येडूर कृष्णेकाठीच आहे, पण कर्नाटकात. तिथलं देऊळ वीरभद्राचं, म्हणजे दक्षाचा यज्ञ उधळणाऱ्याचं. गोष्ट किती चोख बसते बघा. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला आणि देव एका राज्यात, त्याचं वाहन दुसऱ्या राज्यात अशी वाटणी झाली. गोष्टीला त्याचा काही पत्ता नाही. ती दोन्ही गावं अजून एकच धरून चालते.

‘ही नंतर रचलेली दंतकथा आहे,’ असं कोणी म्हणेल. असेलही. मंदिरावर यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, इतिहासासाठी तो वाचावाच. पण शिलालेख दान सांगतो, नंदी का नाही ते सांगत नाही. शैलीवरून काळ ठरवणारा अभ्यासकही इथे गप्प होतो. दोन देवळांना, दोन काठांना आणि आता दोन भाषांना जोडणारा एवढाच धागा आहे, आणि तो दगडात नाही, माणसांच्या तोंडात आहे.

ती माणसं आपल्याच ओळखीतली असतात. पुढच्या रविवारी घरी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा, जेवलास का, थंडी आहे का, हे झालं की आजीला गावच्या देवाचं विचारा. ‘देऊळ किती जुनं?’ हे नको, ते तिला माहीत नसेल. ‘आपल्या देवाची पालखी कुठे जाते? कोणत्या गावाला भेटते? कोणाशी त्याचं वाकडं आहे?’ असं विचारा. आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा.