महापुरातून निघालेला माणूस



ख्रिस्ती धर्मातील पापक्षमेचा विचार आपल्या मंडळींत दोन वाक्यांत निकालात निघतो. एक जण म्हणतो, ‘हे सगळे आपल्याकडे आधीपासूनच आहे.’ दुसरा म्हणतो, ‘पाप करावे, कबूल करावे आणि मोकळे व्हावे, एवढेच त्यांच्यात आहे.’ बहुधा दोघांनीही ग्रंथ उघडलेला नसतो. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) सांगत. पूल दोन्ही दिशांनी चालता येतो. आज आपण पलीकडे जाऊन पाहून येऊ.

पाहायचे ते नव्या करारातील पौलाचे रोमकरांस पत्र. पौल जन्माने यहुदी, शास्त्र पढलेला, आणि आरंभी ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणारा. त्याचा सिद्धांत असा की, नियमशास्त्र पाळून कोणीही देवापुढे निर्दोष ठरत नाही. ख्रिस्ताने क्रुसावर प्राण दिला, त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला निर्दोषपण फुकट मिळते. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती काही कृपा नव्हे, हा भेद तो चौथ्या अध्यायात स्वतःच करून दाखवतो.

आता शंका उठणारच. कृपा फुकट आहे, तर पाप करीत राहावे, म्हणजे कृपाही वाढेल! ही शंका पौलाने सहाव्या अध्यायाच्या तोंडीच स्वतः मांडली आहे. पूर्वपक्ष झाकून न ठेवणारा निरूपणकार मला आवडतो, मग तो कोणत्याही गावचा असो. आपल्याकडेही नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांपैकी एक मानला आहे. आपले शास्त्र बजावते, असे करू नको. पौल निराळ्या वाटेने जातो. तो विचारतो, असे करणारा आता उरलाच कुठे? बाप्तिस्म्याच्या पाण्यात जो उतरला तो ख्रिस्ताच्या मरणात उतरला. जुना माणूस तिथेच पुरला गेला. बाहेर आला तो नव्या जीवनाचा.

हे वाचताना माउलींचा नववा अध्याय डोळ्यांपुढे उभा राहतो. दुराचारी असला तरी अनन्यभावाने भजणाऱ्याला साधूच मानावे, या तिसाव्या श्लोकावर माउलींनी महापुराचा दृष्टांत दिला आहे. पुरात बुडालेला माणूस न मरता निघाला, जीव ऐलथडीला लागला, की त्याचे बुडणे वाया गेले! पापाचेही तसेच.

दोन्हीकडे पाणीच आहे. पण माउलींचा माणूस न मरता निघतो आणि पौलाचा मरून निघतो. हा फरक वरवरचा नाही. माउलींच्या दृष्टीने जीव मूळचा परमात्म्याचाच. पाप हा त्याच्यावरून गेलेला लोंढा. लोंढा सरला की तो होता तोच आहे. पौलाला बिघाड मुळापर्यंत गेलेला दिसतो, म्हणून डागडुजीवर त्याचे भागत नाही, त्याला नवा जन्मच हवा. मी माउलींच्या काठावरचा, आणि तिथेच राहणार. एकच दार आहे हे पलीकडचे म्हणणे माझ्या गळी उतरत नाही. परंतु क्षमेनंतर माणसाच्या वागण्याचे काय होते, हा प्रश्न पौलाने जसा रेटून धरला तसा आपल्या फडावर क्वचितच धरला जातो.

अजामिळाचेच घ्या ना. मुलाला हाक मारली ‘नारायणा’, आणि विष्णुदूत धावले. टाळ्या पडतात आणि आख्यान तिथेच संपते. भागवताच्या सहाव्या स्कंधात ते तिथे संपत नाही. अजामिळ वाचतो, आपल्या जुन्या वागण्याने कळवळतो, घरदार सोडून गंगाद्वारी जातो, तिथे साधना करतो आणि मग देह ठेवतो. हा उत्तरार्ध गाळला की नाम म्हणजे यमाला चुकवायची युक्ती ठरते.

आता पौलावरचा माझा आक्षेप. जुना माणूस मेला म्हणता, ठीक. त्याने जिची जमीन लाटली त्या विधवेने कोणाच्या दारात उभे राहायचे? मेलेल्याच्या नावावर वसुली होत नाही. सहाव्या अध्यायात याचे उत्तर मला सापडले नाही.

ते लूकच्या शुभवर्तमानात आहे. यरीहो गावी जक्कय नावाचा जकातदारांचा मुख्य होता. श्रीमंत, अंगाने ठेंगणा. गर्दीतून येशू दिसेना म्हणून तो झाडावर चढला. येशू खाली थांबून म्हणाला, उतर, आज तुझ्याच घरी मुक्काम. लोक कुरकुरले, पापी माणसाकडे उतरला! आधी मुक्काम ठरला, अट कसलीच घातली नाही. जक्कय मात्र उभा राहून बोलला की, माझे अर्धे धन गरिबांना देतो, आणि कोणाला लुबाडले असेल तर चौपट परत करतो. कृपा फुकट मिळाली, पण लोकांचे येणे त्याने फुकट गिळले नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर याच्या अगदी उलट. राजाने त्याला दहा हजार तलांत सोडले. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. हिशोब करून पाहा, सहा कोटी दिवस होतात. बाहेर पडताच त्याने शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरला. असे चाकर पारावर बसून हरिपाठही म्हणतात, आणि भावाशी बांधाचा दावाही चालवतात.

तुकोबांची कथा इथे आठवावी. त्यांनी खतपत्रांचे दोन वाटे केले. आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली आणि कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती दिला. तेवढा मोठा विरक्त, पण भावाचे येणे त्यांनी परस्पर माफ केले नाही. विधवेचे येणे तिच्याऐवजी दुसऱ्या कोणी सोडावे का, देवाने तरी, हे मी पलीकडच्या पंडितांना विचारीन, आणि आपल्या महाराज मंडळींनाही. जक्कयाची गोष्ट लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आरंभीच आहे. वाचायला पाच मिनिटे पुरतात.