टिकली काढलेले विमान

नाटकावर टीका लिहिणाऱ्याला नाटक करता यावे लागते का? नाही ना? मग लढाऊ विमानावर टीका करणाऱ्याला विमान चालवता आलेच पाहिजे, असा हट्ट वाचकांनी धरू नये. मी बी.कॉम. आहे, जव्हारच्या एका बँकेत लेजर चालवतो, आणि प्रस्तुत विमान साडेसहा इंचांहून जेमतेम जास्त रुंद आहे. एवढ्या विमानाला एवढा टीकाकार पुरे.

हे विमान आमच्या हेडकॅशियरसाहेबांनी केले. हॉकर हरिकेन, प्लॅस्टिकचे, एकास बहात्तर या मापाचे. बहात्तरच का, असे मी विचारले, तर त्यांनी हिशेब सांगितला : सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हिशेब जुळला की मला गोष्ट पटते. सांधे असे बेमालूम चिकटवलेत की, नोटांचे बंडल बांधणारा हात ओळखू यावा. तेव्हा कारागिरीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रंगाबद्दल, आणि त्याखाली ठेवलेल्या पुठ्ठ्याबद्दल. पुठ्ठ्यावर लिहिले होते : 'जव्हारच्या महाराजांचे लढाऊ विमान, दुसरे महायुद्ध'. आणि हे सगळे वाचनालयाच्या प्रदर्शनात जायचे होते, म्हणजे गावातली शंभर पोरे ते पाठ करणार.

आधी रंग. साहेबांच्या हरिकेनवर सहा ठिकाणी गोल खुणा आहेत : पंखांवर दोन, पंखांखाली दोन आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येकीच्या मध्यभागी ठसठशीत लाल टिकली. दिसायला सुरेख. पण युद्ध ब्रह्मदेशात पोचले, आणि समोर जपानी आले. जपान्यांच्या विमानावर काय असे? नुसता लाल गोळा! आता पाचशे फुटांवरून घोंघावत जाणाऱ्या विमानाकडे बघून खालचा तोफवाला काय निळ्या कडेची वाट बघत बसणार? लाल दिसले की घोडा ओढला. म्हणून १९४२ मध्ये अमेरिकनांनी आपल्या चांदणीतला लाल ठिपका पुसला, आणि ब्रिटिशांनी व हिंदी हवाई दलानेही या आघाडीवर लाल टिकली काढली. पुढे पांढऱ्याच्या जागीही फिकट निळा आला. १९४४ साली अर्जन सिंग यांच्या हाताखालची नंबर एक स्क्वाड्रनची हरिकेन्स इंफाळवरून टेहळणी करीत होती ती अशी, निळ्यात निळी. त्या आभाळात आमच्या साहेबांचे विमान सोडले असते, तर शत्रूला कष्ट घ्यावे लागले नसते.

"पण खोक्यावर तसेच चित्र आहे," साहेब म्हणाले.

खोक्यावरचे चित्र! अहो, खोक्यावरच्या चित्रावर कोणी कर्ज देते का? चित्र १९४० च्या इंग्लंडमधल्या विमानाचे. इंग्लंडात ते बरोबर असेल. इंफाळला त्याचा काय संबंध? आणि ही खोकेवाली मंडळी काही सत्यवादी हरिश्चंद्र नव्हेत. एअरफिक्स या नामांकित कंपनीने १९५३ मध्ये पहिले छोटे स्पिटफायर बाजारात आणले, ते एका अमेरिकन कंपनीच्या खेळण्यावरून उतरवून. अंगावरची 'बीटीके' ही अक्षरेसुद्धा तिथलीच! नक्कल करणाऱ्याने पेपरातली शाईचा डागही उतरवावा, तसे.

मग साहेबांनी दुसरा पुरावा काढला : जुना कृष्णधवल फोटो. फोटो खोटे बोलत नाही म्हणतात. बोलत नसेल, पण तोतरे बोलते. त्या काळची एक जातीची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तिच्यात लाल आणि पिवळा काळपट येई आणि निळा फिकट. म्हणजे खुणेभोवतीचे पिवळे कडे फोटोत दिसते काळे, आणि गडद निळा दिसतो फिका. अशा फोटोवरून रंग ठरवणे म्हणजे टेलिफोनवरून सही तपासण्यासारखे. तिसरा साक्षीदार संग्रहालय. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरे हरिकेन उभे आहे, हे खरेच. पण संग्रहालयात उभ्या राहिलेल्या विमानांना वेळोवेळी नवा रंग चढवावा लागतो. घराला नवा रंग दिल्यावर आजोबांच्या वेळची भिंत कशी होती, हे भिंतीला विचारून काय उपयोग?

या सगळ्या धंद्यातली खरी गंमत मला मोखाड्याच्या बोहाड्यात कळली. फाल्गुनात तिथे रात्रभर संबळ वाजतो, टेंभे पेटतात, आणि गणपती, नरसिंह, रावण अशी सोंगे मुखवटे लावून नाचत येतात. अर्ध्या अंधारात, लांबून, मागच्या रांगेतल्या पोरालाही कळते की, हा रावण. मुखवटा रंगवायचा तो ओळखू यावा म्हणून. विमानाची पंचाईत अशी की, त्याला ओळखू यायचेही असते आणि लपायचेही असते. वर हिरवे-तपकिरी पट्टे : मला बघू नका. त्यावर भलीमोठी गोल खूण : मला नीट बघा, मी तुमचाच! एकाच अंगावर दोन विरुद्ध अर्ज.

ते हिरवे-तपकिरी मात्र साहेबांनी सुंदर साधले आहे, आणि ते खोक्यावरून नव्हे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाडा रस्त्याने जाताना डोंगर बघा. कुठे गवत अजून हिरवे, कुठे नागली कापून माती उघडी पडलेली. ब्रिटिशांचा गडद हिरवा आणि मातकट तपकिरी तंतोतंत हाच. फक्त डबीतला रंग जसाच्या तसा लावू नये; छोट्या विमानावर तो जास्त गडद दिसतो, म्हणून थोडा पांढरा मिसळायचा. शिवाय उन्हाने विटायला हवा. फार अचूकपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी १९७१ आठवावे : तेव्हा आपल्या चंदेरी मिगांवर युद्धाच्या घाईत हिरवा रंग फासला गेला. घाईत फासलेला रंग दोन विमानांवर सारखा येत नाही, हे दिवाळीत घर रंगवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

राहिला पुठ्ठा. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे महायुद्धात हवाई दलात होते. ही नोंद पक्की, आणि गावाने अभिमान बाळगावा अशीच. पण राजे हवाई दलात होते, म्हणून हे विमान राजांचे? उद्या मी बँकेत आहे म्हणून तिजोरी माझी म्हणाल! ज्या रकमेला व्हाउचर नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो, कोणाच्या नावावर जमा करीत नाही. राजांना मोठे करायला खोटी नोंद लागत नाही. जय विलास राजवाडा आहे तेवढा पुरे.

साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा बदलला : 'हॉकर हरिकेन, हिंदी हवाई दल, १९४४ च्या सुमारास'. राजांची माहिती शेजारी वेगळ्या कागदावर आली. मग टिकल्या खरवडायला बसले. चार निघाल्या, निळे झाले. पंखांखालच्या दोन मात्र राहिल्या.

"त्या राहू द्या हो," साहेब म्हणाले. "टेबलावर ठेवल्यावर खालचे कोणाला दिसते?"

"साहेब," मी म्हटले, "इंफाळचा तोफवाला खालूनच बघत होता."

साहेबांनी विमान उलटे केले आणि ब्लेड मागितले.