सांता मोनिकाच्या भिंती व स्पॅनिश अमदानी

नेसरीहून आंबोलीचा घाट उतरून आम्ही सहकुटुंब जुन्या गोव्यास गेलों, तें सांता मोनिका मठांतील भित्तिचित्रें पाहण्याकरितां. बायबलांतील प्रसंग, संतांच्या आकृति व वेलबुट्टी असें हें काम आहे. हीं चित्रें स्पॅनिश अमदानींतलीं, असें सोबतच्या एका स्नेह्यांनीं ठासून सांगितलें.

त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हे. १५८० सालीं पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपाकडे गेलें व १६४० पर्यंत त्याच्या वंशांत राहिलें. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यानें हा जोगिणींचा मठ १६०६ त आरंभिला आणि १६२७ त तो पुरा झाला. साठ वर्षांच्या चौकटींत सर्व कांहीं नीट बसतें. परंतु १६३६ त मठास आग लागली व तो पुन्हा उभारावा लागला, हें या हिशेबांत राहून जातें. आगींतून कोणती भिंत वांचली हें ठरल्यावांचून एकही चित्र त्यापूर्वीचें म्हणतां येणार नाहीं. आणि नंतरचें मानावें तर स्पॅनिश राजाच्या वांट्यास जेमतेम चार वर्षें येतात. जोगिणी मात्र येथें पुढें अडीचशें वर्षें नांदल्या. शेवटची १८८५ त वारली.

शिवाय राजा कोण हें कळल्यानें कुंचला कोणाचा हें कळत नाहीं. गोव्याच्या हस्तिदंती कामांतील 'भला मेंढपाळ' पाहावा: बाळ येशू मांडी घालून, डोळे मिटून बसलेला, खांद्यावर कोंकरूं, विषय परका, बैठक मात्र आपल्याकडील ध्यानस्थ मूर्तीची. भिंतीवरील वेलबुट्टी पाहून आमची धाकटी कन्या म्हणाली, "हें तर आपल्या देवळांतलें!" सादृश्य हा पुरावा नव्हे, हें तिला समजावितांना आमचीच थोडी तारांबळ उडाली.

प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडींत पडले ती तारीख, २४ फेब्रुवारी १६७४, आमच्या गांवचीं पोरें धडाधड सांगतात. त्यांना 'स्पॅनिश काळांतलें' एवढ्यावर कसें भागवावें? येथें दफ्तराइतकाच गिलावा वाचला पाहिजे. चुन्याचे थर, रंगद्रव्यें, आणि काजळी कोठें सांपडलीच तर ती चित्राच्या वर आहे कीं खालीं, एवढें तज्ज्ञांनीं आधीं तपासावें. तोंवर आम्ही त्या चित्रांपुढें साल लिहीत नाहीं.