रूपक उतरल्यावर उरलेली सैरंध्री

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’विषयी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण जे ऐकलेले असते, ते बहुधा नाटकाविषयी नसते, त्याच्यावरील बंदीविषयी असते. १९०७ साली नाटक रंगभूमीवर आले आणि १९१० साली इंग्रज सरकारने ते बंद केले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, कंकभट्ट म्हणजे मवाळ आणि बल्लव म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही लागले नाही!

पण इंग्रज १९४७ साली गेले. रूपकाचे काम संपले. मग नाटकात उरले काय? मला वाटते, उरली ती सैरंध्री. आणि तिच्याकडे आपण अजून नीट पाहिलेलेच नाही.

देशमाता म्हणून मखरात बसवली, की ती परक्या घरी राबणारी बाई आहे, हे आपल्या ध्यानातून जाते. महाभारतातले विराटपर्व मात्र ते विसरत नाही. राणी सुदेष्णा मद्य आणण्याच्या निमित्ताने तिला आपल्या भावाच्या, म्हणजे कीचकाच्या, महालात पाठवते. तो तिला भर सभेत लाथ मारतो आणि राजा त्याला आवरीत नाही. कारण कीचक त्याचा सेनापती. शत्रू टपलेले असताना सेनापतीला दुखवायचे कुणी? ही भीती अगदीच खोटी नव्हती. कीचक मेल्याचे कळताच त्रिगर्तांचा सुशर्मा आणि पाठोपाठ कौरव विराटाच्या गाई हाकून न्यायला येतात. त्याआधी एक लहानसा प्रसंग घडतो. राजा राणीकरवी सैरंध्रीलाच नगर सोडून जायला सांगतो. छळ तिचा, आणि निरोपही तिलाच! ती आणखी तेरा दिवसांची मुदत मागून घेते.

१९०७ सालच्या प्रेक्षकाला कंक आणि बल्लव यांचा वाद मोठा वाटला, हे स्वाभाविकच होते. आज मला राजसभेतले मौन अधिक बोचते.

म्हणून हे नाटक विद्यार्थ्यांनी पुन्हा करावे. आणि माझे विचाराल तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिकाऊ म्हणून जाणाऱ्या मुलामुलींनी करावे. कापडाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत उद्या त्यांना पाळीवर उभे राहायचे आहे. ‘माणूस वाईट, पण कामाचा,’ हे वाक्य कुठल्याही कारखान्यात कानांवर पडू शकते. विराटाची सबब याहून वेगळी ती काय?

कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा केला. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असली पाहिजे. म्हणजे आजच्या सैरंध्रीला बल्लवाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र त्या अध्यक्षपदी सुदेष्णा बसता कामा नये.

दिग्दर्शकाला एवढेच सुचवावेसे वाटते : कीचकाचा वध झटपट उरकावा. टाळ्या त्याला मिळतीलच. सभेतल्या मौनाला मात्र वेळ द्यावा. त्या मौनात बसलेल्या प्रेक्षकाला आपली जागा कुठली, हे ओळखता आले, तर शंभर वर्षांहून जुने हे नाटक आजचे होईल.