गळती कुणाची, तुळई कुणाची?

मराठी साहित्याने चाळीतली माणसे पुष्कळ रंगवली. चाळीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मात्र सहसा कुणी वाचायला घेतले नाही. मुंबई शहरातल्या हजारो कुटुंबांचे छप्पर त्याच कागदावर अवलंबून आहे. जुन्या भाड्याच्या इमारतींवर सरकारने कंत्राटदारांकरवी खर्च करायचा, ही व्यवस्था अर्धशतकाहून जुनी झाली. ती अपुरी का पडते, या प्रश्नाला 'निधी थोडा आणि भ्रष्टाचार फार' असे ठरलेले उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण त्याआड मूळ दोष झाकला जातो. हा दोष खर्चाच्या रकमेत नसून, खर्च कोणत्या क्षणी सुरू होतो यात आहे.

१९४७च्या कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. टंचाईच्या काळात भाडेकरूला ते संरक्षण हवेच होते. पण भाडे तिथेच राहिले आणि सिमेंट, लाकूड, मजुरी वाढत गेली, तसा मालकाचा इमारतीतला रस आटला. घरे कोसळू लागली. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती मंडळ आले. १९,६४२ इमारतींना उपकर लागू झाला. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या होत्या. उपकर महापालिकेने मालमत्ता कराबरोबर वसूल करायचा, सरकारने त्यात भर घालायची आणि मंडळाने निविदा काढून काम करवून घ्यायचे, अशी ही रचना. पुढे हे मंडळ म्हाडात सामील झाले.

मात्र मंडळाकडे काम आले ते 'संरचनात्मक' दुरुस्तीचे: कुजलेल्या तुळया, खचलेल्या भिंती, जिने, सज्जे. रोजची देखभाल मालकाकडेच राहिली. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसारही घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळले, तर भाडेकरूने नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करावा. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना १०० रुपये भाडे धरले, तर ही रक्कम होते ३०० रुपये. वीस बिऱ्हाडे एकत्र आली, तरी ६,००० रुपये. एवढ्यात सामायिक संडासाचा फुटलेला पाइपही धड बदलून होत नाही.

मग तो पाइप गळत राहतो. पाणी भिंतीत मुरते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते, मजला झुकतो आणि तेव्हा कुठे सरकारी पैशाचा दरवाजा उघडतो. गळती कुणाचीच नाही. तुळई मात्र सरकारची! कुजलेल्या लाकडाच्या जागी लोखंडी गर्डर बसतो. मोजमाप पुस्तिकेत गर्डरची लांबी आणि वजन लिहिता येते, त्यावर बिल निघते. न झालेल्या गळतीचे मोजमाप होत नाही, म्हणून तिचे बिलही नाही. पाइप तसाच राहिला, तर काही पावसाळ्यांनी गर्डरला गंज चढतो आणि नवी निविदा निघते. यात कंत्राटदार अप्रामाणिक असलाच पाहिजे असे नाही; त्याने प्रामाणिकपणे काम केले, तरी घडते हेच.

त्यात खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा आहे. ती वेळोवेळी वाढली; पण दुरुस्तीचा अंदाज तिच्या पुढे गेला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते. मग उरतात टेकू, संक्रमण शिबिर आणि पुनर्विकासाची वाट. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीने पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र दिले. इमारत नीट राखण्यात मालकाचा फायदा नव्हताच. आता ती मोडकळीला येण्यात तो दिसू लागला.

मालक खासगी आहे म्हणून हे घडते, असे कुणी म्हणेल. तर २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात कोसळलेली बाबू गेनू मंडईची इमारत आठवावी. तिथे मालक महापालिका आणि राहणारी तिच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे. इमारत साधारण तीन दशकांची; दुरुस्तीची गरज असल्याची नोंदही झालेली होती. ६१ माणसे गेली. मालक सरकारी असला, तरी नोंद आणि काम यांच्यामधले अंतर तो आपोआप भरून काढत नाही, एवढे त्या ढिगाऱ्याने दाखवले.

म्हणून केवळ 'निधी वाढवा' ही मागणी अर्धी आहे. निधीचा ठरावीक वाटा दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पाइप, गच्ची, पन्हाळी यांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक इमारतीवर आजवर काय आणि किती खर्च झाला, याचा फलक जिन्यापाशी लावावा. आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर, भाडेकरूंच्या समितीने सही केल्याशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये. गळती थांबली की नाही, हे अभियंत्याआधी त्या भिंतीला पाठ टेकून झोपणाऱ्या माणसाला कळते. आजच्या अंदाजपत्रकात त्याच्या सहीला जागा नाही.