तक्त्यातले विमान आणि धावपट्टीवरचे विमान

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत विमानाच्या नावापुढे बहुधा एकच आकडा असतो : कमाल वेग ताशी इतके कि.मी. मुले तो पाठ करतात. आमच्या मते हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो.

सेसना १७२-एन हे १९७०च्या दशकाच्या अखेरीचे चार आसनी विमान घेऊ. त्याच्या माहितीपुस्तिकेत वेग ताशी सुमारे २२६ कि.मी. आणि समुद्रसपाटीला चढण्याचा दर मिनिटाला सुमारे २३५ मीटर दिला आहे. सोबत एक टीपही आहे. हे आकडे ठरावीक वजनाचे, प्रमाण वातावरणातले आहेत आणि प्रत्येक विमानागणिक ते बदलतील. चाकांवरची आवरणे नसतील, तर वेग ताशी सुमारे ४ कि.मी.ने घटतो. आपली पुस्तके आकडा उचलतात आणि टीप गाळतात.

टीप गाळल्याने काय बिघडते? समजा, चढताना इंजिन १०० एकक शक्ती देते. त्यातील ६० एकक विमान हवेत राखण्यात खर्च होतात. उरलेल्या ४० एककांवर विमान चढते. आता इंजिन झिजले, पात्याच्या कडा खडबडीत झाल्या आणि शक्ती १० टक्क्यांनी घटली. शिल्लक उरली ३०, म्हणजे चढण्याचा दर पाव हिश्शाने कमी! कमाल वेग मात्र साधारण शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तीन-चार टक्केच घटतो. म्हणजे पुस्तकाने निवडलेला आकडाच विमानाची दुरवस्था सर्वांत चांगली झाकतो.

आता हे विमान चंद्रपूर जिल्ह्यात आणू. माजरी परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला, की हवेची घनता त्या उंचीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. इंजिनाला हवा कमी मिळते. चांगल्या इंजिनाचीही शक्ती ९० होते, झिजलेल्याची ८१. गरज ६०च धरली, तरी शिल्लक केवळ २१. चढण्याचा दर जवळजवळ निम्मा झाला. धावपट्टीपलीकडे झाडे असतील, तर हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

तापमान, उंची, वजन यांसाठी वैमानिकाजवळ तक्ते असतात. झिजेसाठी तसा रकाना नसतो. पुस्तिका विमान सुस्थितीत असल्याचे गृहीत धरते. ते गृहीत खरे ठेवणे हे देखभाल करणाऱ्यांचे काम. म्हणूनच इंजिनाच्या सिलिंडरमधील दाब तपासतात, विमान पुन्हा तोलतात, पंखांच्या कडा स्वच्छ ठेवतात.

वर्गात यासाठी विमान लागत नाही. एकच सायकल, एकच उतार. एकदा टायर टणक, एकदा हवा कमी. पायडल न मारता ती किती दूर जाते, ते पाच-पाच वेळा मोजावे. मग मुलांना विचारावे : या सायकलचा ‘खरा’ आकडा कोणता? उत्तर देताना मुले आपणहून ‘टायर कसा असताना?’ असे विचारू लागली, तर तक्ता पाठ करण्यापेक्षा पुष्कळ अधिक शिकून झाले.